टर्बो मोटारीस कोणतें तेल घालावें?

बैलगाडीच्या आंसास वंगण घातलें नाहीं, तर चाक कुरकुरूं लागतें व थोड्याच दिवसांत आंस झिजून जातो, हें खेड्यांतील लहान मुलासही ठाऊक असतें. चाकाची कुरकुर कानीं पडते, म्हणून गाडीवान वेळींच सावध होतो. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. तेथें वंगण कमी पडलें, किंवा अयोग्य प्रकारचें पडलें, तर प्रारंभीं कांहींच ऐकूं येत नाहीं. आणि जेव्हां ऐकूं येतें, तेव्हां बहुधा उपायाची वेळ टळून गेलेली असते. ज्या मोटारींच्या इंजिनास 'टर्बोचार्जर' नांवाचें उपांग जोडलेलें असतें, त्यांच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे.

पूर्वीं आपल्याकडे टर्बो हा शब्द मालमोटारी आणि डीझेल गाड्या यांच्यापुरताच ऐकूं येई. २००७ सालापासून मारुतीच्या स्विफ्ट मोटारींत बसविलेलें फियाटचें १२४८ घन सेंटिमीटरचें डीझेल इंजिन टर्बोयुक्त होतें, आणि त्यामुळें हें उपांग हजारों मध्यम वर्गीय कुटुंबांच्या दारांत आलें. पुढें २०१७ सालीं पुण्याजवळील रांजणगांवच्या कारखान्यांतून टाटांची नेक्सॉन मोटार बाहेर पडली. तिच्या पेट्रोल व डीझेल या दोन्हीं इंजिनांस टर्बो होता. आज तीन सिलिंडरांच्या लहान पेट्रोल मोटारींतही तो सर्रास आढळतो. परंतु दुरुस्तीच्या दुकानांत 'कोणतें तेल घालूं?' असा प्रश्न आला, म्हणजे मालक 'तुम्हांला योग्य वाटेल तें घाला' असें म्हणून मोकळा होतो. टर्बोचार्जर बदलण्यास जो खर्च येतो, तो चांगल्या तेलाच्या किंमतीहून कितीतरी पटींनीं अधिक असतो. आणि ज्याचें पोट भाड्याच्या गाडीवर चालतें, त्याला तर गाडी आठ दिवस उभी राहिल्याचा तोटा त्या खर्चाइतकाच जड जातो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्यावर न सोडतां आपण स्वतः समजून घेणें हितावह आहे. त्यास लागणारें शास्त्र शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या पलीकडचें नाहीं.

टर्बोचार्जर म्हणजे काय?

इंधन जाळावयाचें तर हवा पाहिजे. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. अर्थात् इंजिनाकडून अधिक शक्ति हवी असेल तर अधिक इंधन जाळावें लागेल, आणि त्यास अधिक हवा पुरवावी लागेल. ही हवा दोन रीतींनीं मिळूं शकते : एक तर सिलिंडर मोठे करावे, किंवा लहान सिलिंडरांतच हवा दाबून भरावी. दुसरी रीत ती टर्बोचार्जरची.

इंजिनांतून बाहेर पडणारा जळका वायु तप्त व वेगवान असतो. साध्या मोटारींत ही सर्व शक्ति धुराच्या नळीवाटे वायां जाते. टर्बोचार्जरांत या वायूच्या मार्गांत पातीं असलेलें एक लहान चक्र बसविलेलें असतें. वायूच्या झोतानें तें फिरूं लागतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र असतें; तें बाहेरील हवा ओढून घेऊन, दाबून, इंजिनांत लोटतें. ओढ्याच्या ओघावर पाणचक्की फिरावी आणि तिच्याच दांड्यावर बसविलेल्या पंख्यानें भट्टीस वारा घालावा, तसाच हा प्रकार आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. प्रथम जहाजें, विमानें व मोठीं डीझेल इंजिनें यांत तिचा उपयोग झाला. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेर या मोटारींत टर्बो प्रथमच सामान्य ग्राहकांस मिळाला.

आतां या चिमुकल्या यंत्राची स्थिति पाहा. घरांतील छताचा पंखा मिनिटास सुमारें साडेतीनशें फेरे घेतो. मोटारीचें इंजिन भरधाव चालतांना मिनिटास पांच-सहा हजार फेरे घेतें. टर्बोचार्जरचा दांडा मात्र मिनिटास दीड ते अडीच लक्ष फेरे घेतो! शिवाय पेट्रोल इंजिनांत त्याच्या एका टोकाशीं ९५० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहूनही तप्त वायु आदळत असतो. लोखंडाचा तुकडा इतका तापविला तर तो रसरशीत नारिंगी दिसेल. आणि चार-पांच बोटांच्या अंतरावर दुसऱ्या टोकाशीं बाहेरची हवा आंत ओढली जात असते.

एवढ्या वेगानें फिरणारा दांडा धातूवर घासूं लागला, तर कांहीं क्षणांतच त्याचा नाश होईल. म्हणून बहुतेक टर्बोचार्जरांत तो धातूवर टेकतच नाहीं. तेलाच्या थरावर तरंगतो. हा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. म्हणजे हजारों रुपयांच्या या यंत्राचें सारें आयुष्य त्या पातळ पडद्यावर अवलंबून आहे. तो पडदा अखंड ठेवणें, हेंच तेलाचें मुख्य कार्य होय.

दोन बिकट प्रसंग

तेल केवळ घर्षण कमी करतें असें नाहीं. तें दांड्याजवळील उष्णता आपल्याबरोबर वाहून नेतें, काजळी व मळ आपल्यांत धरून ठेवून गाळणीपर्यंत पोंचवितें, आणि धातूस गंजापासून राखतें. हीं सर्व कामें करतांना त्यास दोन प्रसंग विशेष कठीण जातात.

पहिला प्रसंग सकाळीं इंजिन सुरू करण्याचा. रात्रभरांत तेल खालीं तेलकुंडींत उतरलेलें असतें व थंड होऊन दाट झालेलें असतें. काकवी थंडींत किती सावकाश ओघळते, हें आपण पाहतोंच. सामान्य इंजिन तेल ४० अंशांवर असतांना १०० अंशांवरील तेलापेक्षां पांच-सहा पट दाट असतें. आपल्या सकाळच्या वीस अंशांवर तें त्याहूनही दाट. पंपानें तें उचलून अरुंद नळीवाटे टर्बोपर्यंत पोंचवीपर्यंत जे क्षण जातात, त्यांत दांड्यास मागें उरलेल्या तेलावरच भागवावें लागतें.

दुसरा प्रसंग गाडी बंद करण्याचा. समजा, एखादी भरलेली मोटार खंबाटकीचा घाट चढून वर आली आणि चालकानें चहासाठीं तत्काळ किल्ली फिरवून इंजिन बंद केलें. त्याबरोबर तेलाचा पंप थांबतो. परंतु तप्त चक्राची उष्णता कोठें जाणार? ती दांड्यावाटे आंत शिरते, आणि बेअरिंगचें तापमान इंजिन बंद झाल्यावर कमी होण्याऐवजीं कांहीं काळ उलट वाढतें. तेथें अडकलेलें तेल जागच्या जागीं भाजून निघतें. तळणीचें तेल पुनःपुन्हां तापविलें असतां कढईच्या कडेस जसा काळा, चिवट थर धरतो, तसाच थर तेथें जमतो. तो कठीण होऊन तेलाच्या वाटा अरुंद करतो. वाट अरुंद झाली कीं तेल कमी येतें. तेल कमी आलें कीं उष्णता वाढते. उष्णता वाढली कीं थर आणखी जमतो. हें दुष्टचक्र टाळण्यासाठीं १९८०च्या दशकापासून पुष्कळ टर्बोचार्जरांच्या मध्यभागीं पाणी खेळविण्याची सोय करण्यांत आली. त्यामुळें धोका पुष्कळ कमी झाला, तरी तो नाहींसा झालेला नाहीं.

सिंथेटिक तेल म्हणजे काय?

उत्तम वंगणाचा शोध नवा नाहीं. पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या इंजिनांत चक्क एरंडेल वापरीत. धातूस चिकटून राहण्याचा त्याचा गुण मोठा. कॅस्ट्रॉल हें प्रसिद्ध नांवही एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें आहे. परंतु एरंडेल उष्णतेनें लवकर चिकट राळेसारखें होतें, म्हणून नेहमींच्या वापरास तें टिकलें नाहीं. खनिज तेल स्वस्त व पुरेसें म्हणून सर्वत्र रूढ झालें.

खनिज तेल जमिनींतून निघालेल्या कच्च्या तेलापासून काढतात. त्यांत लहान-मोठे, सरळ-वांकडे, नाना आकारांचे रेणु मिसळलेले असतात. निसर्गानें दिलेल्या धान्यांत जसे खडे व फोल असावयाचे, तसेंच हें. कितीही निवडलें तरी कांहीं मेणासारखे रेणु राहतात, ते थंडींत गोठतात. कांहीं हलके राहतात, ते उष्णतेनें उडून जातात. कांहीं अस्थिर राहतात, ते प्राणवायूशीं संयोग पावून गाळ बनतात. सिंथेटिक तेलांत निवडण्याऐवजीं घडविण्याचा मार्ग धरला जातो. उदाहरणार्थ, इथिलीन वायूपासून ठराविक लांबीचे रेणु तयार करून ते एकमेकांस जोडतात, आणि अशा रीतीनें जवळजवळ एकसारख्या रेणूंचें तेल बनतें. त्यास पॉलिअल्फाओलेफिन म्हणतात. दुसरा प्रकार एस्टर या संयुगांचा. एरंडेल हेंही रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एस्टरच होय. कृत्रिम एस्टर हें जणुं त्याचें सुधारलेलें भावंड. जेट विमानांच्या इंजिनांत आज त्याचाच उपयोग होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जर्मनीनें अशीं तेलें बनविण्यांत पुष्कळ प्रगति केली होती. मोटारींसाठीं तीं १९७० नंतरच्या दशकांत बाजारांत आलीं. मोबिल १ हें त्यांपैकीं प्रसिद्ध तेल १९७४ सालीं अमेरिकेंत विक्रीस निघालें.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेनें मूळ तेलांचे पांच गट केले आहेत. पहिले दोन गट साध्या खनिज तेलांचे, तिसरा गट हायड्रोजनाच्या साहाय्यानें अतिशय शुद्ध केलेल्या व रेणूंची पुनर्रचना केलेल्या तेलांचा, चवथा पॉलिअल्फाओलेफिनचा, आणि पांचवा एस्टरसकट उरलेल्या सर्वांचा. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. बाजारांत 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून जें विकलें जातें, त्यांतील पुष्कळसें तेल तिसऱ्या गटाचें असतें. अमेरिकेंत १९९९ सालीं जाहिरातींविषयींच्या एका वादांत असा निर्णय झाला कीं, तिसऱ्या गटाच्या तेलासही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाहीं. म्हणून डब्यावरील 'सिंथेटिक' या एका शब्दावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. तो शब्द मूळ तेलाची जात सुचवितो. तें तेल कोणत्या परीक्षांत उतरलें, हें सांगत नाहीं.

तथापि टर्बो मोटारीस या तेलांचा फायदा निश्चित होतो, आणि तो वरील दोन्हीं बिकट प्रसंगीं होतो. थंडींत तें लवकर वाहतें, म्हणून दांड्यापर्यंत लवकर पोंचतें. उष्णतेंत तें कमी उडतें व कमी भाजतें. तेल किती उडतें हें मोजण्याची एक परीक्षा आहे : तेल एक तासभर २५० अंशांवर तापवून त्याचें वजन किती घटलें तें पाहतात. अमेरिकन मानकांप्रमाणें ही घट शेंकडा १५ हून अधिक चालत नाहीं. युरोपीय मानकें सामान्यतः शेंकडा १३ पर्यंतच मान्य करतात. चांगलीं सिंथेटिक तेलें या मर्यादेच्या बरींच खालीं राहतात.

डब्यावरील आंकडे

तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे आंकडे असतात. पुष्कळांस हें गूढ वाटतें. परंतु त्याचा अर्थ सोपा आहे. 'डब्ल्यू' हें अक्षर हिवाळ्यासाठीं असलेल्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. त्याच्या मागील आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत अधिक सुलभतेनें वाहतें. '५ डब्ल्यू' तेलाची परीक्षा शून्याखालीं ३० अंशांवर घेतात, '१५ डब्ल्यू' तेलाची शून्याखालीं २० अंशांवर. हे आंकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत. ते केवळ वर्ग आहेत. दुसरा आंकडा १०० अंशांवरील दाटपणाचा. '३०' वर्गाच्या तेलाचा दाटपणा त्या तापमानावर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो, '४०' वर्गाच्या तेलाचा १२.५ ते १६.३ च्या दरम्यान.

टर्बो इंजिनाच्या दृष्टीनें याहूनही महत्त्वाची एक तिसरी परीक्षा आहे. १५० अंशांवर, अत्यंत वेगानें फिरणाऱ्या पृष्ठभागांच्या मध्यें दाबलें असतां तेल किती दाट राहतें, हें तींत पाहतात. बेअरिंगमधील प्रत्यक्ष स्थितीशीं हिचें साम्य अधिक. या परीक्षेंत '३०' वर्गाच्या तेलास किमान २.९ हा आंकडा गांठावा लागतो. परंतु युरोपीय 'सी ३' व 'ए ३/बी ४' या मानकांत हा आंकडा किमान ३.५ असावा लागतो. म्हणजे दोन डब्यांवर '५ डब्ल्यू-३०' हेंच लिहिलेलें असूनही तप्त बेअरिंगमध्यें त्यांचें वर्तन निराळें असूं शकतें. म्हणूनच केवळ दाटपणाचे आंकडे जुळले कीं काम झालें, असें समजणें चुकीचें आहे.

पेट्रोल टर्बोचा एक नवा रोग

लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत एक निराळाच उपद्रव दिसून आला. इंजिन सावकाश, म्हणजे मिनिटास सुमारें दीड-दोन हजार फेरे घेत असतांना चालकानें एकदम जोर दिला, तर ठिणगी पडण्यापूर्वींच सिलिंडरांतील मिश्रण आपोआप पेट घेतें. वर येत असलेल्या दट्ट्यावर त्यामुळें असा आघात होतो, कीं क्वचित् प्रसंगीं दट्ट्याच्या कडा फुटतात. सिलिंडरच्या भिंतीवरील तेल व इंधन यांचे मिश्र थेंब हें याचें एक कारण असल्याचें संशोधनांत आढळलें. विशेष आश्चर्य म्हणजे तेल स्वच्छ राहावें म्हणून घातलेलीं कॅल्शियमचीं संयुगें या उपद्रवास मदत करतात, तर मॅग्नेशियमचीं करीत नाहींत. म्हणून तेल बनविणाऱ्यांनीं कॅल्शियमचें प्रमाण कमी करून कांहीं काम मॅग्नेशियमकडे सोंपविलें.

याच कारणानें २०१८ सालीं 'एस्-एन् प्लस' व २०२० सालीं 'एस्-पी' हीं नवीन मानकें आलीं. २०२५ सालीं त्यांपुढील 'एस्-क्यू' हें मानक आलें. 'एस्-पी' मानकांत या अकालीं ज्वलनाविरुद्ध संरक्षणाची परीक्षा आहे, तशीच इंजिनांतील टायमिंग सांखळीच्या झिजेचीही आहे. इंधन थेट सिलिंडरांत फवारणारें टर्बो पेट्रोल इंजिन असेल, तर डब्यावर 'एस्-पी' किंवा त्यापुढील अक्षरें आहेत कीं नाहींत, हें अवश्य पाहावें. 'सिंथेटिक' या शब्दापेक्षां हीं दोन अक्षरें अधिक मोलाचीं आहेत.

डीझेल टर्बोची निराळी गरज

१ एप्रिल २०२० पासून भारतांत भारत स्टेज ६ हें मानक सर्वत्र लागू झालें. तेव्हांपासूनच्या डीझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. सांचलेली काजळी ती ठराविक वेळानें जाळून टाकते. परंतु तेलांतील धातुयुक्त द्रव्यांची राख मात्र जळत नाहीं. चुलींतील लांकूड जळून जातें, राख उरते; तसेंच येथें होतें. ती राख वर्षानुवर्षें सांचून गाळणी कायमची तुंबते, आणि ही गाळणी टर्बोप्रमाणेंच महाग असते. म्हणून अशा मोटारींस कमी राखेचें तेल घालावें लागतें. युरोपीय 'सी' मालिकेचीं तेलें याचसाठीं आहेत. 'सी ३' मानकांत राखेचें प्रमाण शेंकडा ०.८ हून अधिक चालत नाहीं. जुन्या डीझेल गाडीस उत्तम असलेलें तेल नव्या गाडीच्या गाळणीस घातक ठरूं शकतें, तें या कारणानें.

आणखी एक गोष्ट. गाळणी स्वच्छ करतांना कांहीं डीझेल तेलकुंडींत उतरतें. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालविणाऱ्यांच्या तेलाची पातळी त्यामुळें कमी होण्याऐवजीं वाढलेली दिसते. तेल वाढलें म्हणून आनंद मानूं नये. तें पातळ झालें आहे व बदलण्याची वेळ आली आहे, असें समजावें.

एक उदाहरण

समजा, नागपूरच्या एका कुटुंबाकडे तीन सिलिंडरांची टर्बो पेट्रोल मोटार आहे. तिच्या पुस्तिकेंत '५ डब्ल्यू-३०, एस्-पी' असें लिहिलें आहे. दुकानदार चार डबे पुढें मांडतो : पहिला २० डब्ल्यू-५० खनिज तेलाचा, दुसरा ५ डब्ल्यू-३० अर्धसिंथेटिक, 'एस्-एन्' मानकाचा, तिसरा ५ डब्ल्यू-३० सिंथेटिक, 'एस्-पी' मानकाचा, चवथा सर्वांत महाग, ५ डब्ल्यू-४० सिंथेटिक, युरोपीय 'ए ३/बी ४' मानकाचा, परंतु त्यावर 'एस्-पी' हीं अक्षरें नाहींत.

दुकानदार म्हणतो, 'नागपुरांत उन्हाळ्यांत पंचेचाळीस अंश उष्णता. दाट तेल घाला, पहिला डबा घ्या.' हा युक्तिवाद पटण्यासारखा दिसतो. परंतु तो टिकत नाहीं. इंजिनांतील पाणी नागपूर असो कीं महाबळेश्वर, सुमारें ९० अंशांच्या आसपासच राखलें जातें. बाहेरील हवेच्या वीस अंशांच्या फरकानें तेलाचें तापमान तितक्या प्रमाणांत बदलत नाहीं. उलट दाट तेल सकाळीं टर्बोपर्यंत उशिरा पोंचेल, आणि अरुंद वाटांतून कमी वाहिल्यामुळें उष्णताही कमी वाहून नेईल. जुन्या पद्धतीच्या मोटारींत सांध्यांच्या फटी मोठ्या असत, त्यांस दाट तेल शोभत असे. नव्या इंजिनांस तें शोभत नाहीं. शिवाय भारतांत विकल्या जाणाऱ्या मोटारीची पुस्तिका लिहितांना कारखान्यानें येथील उन्हाळा जमेस धरलेलाच असतो. म्हणून आपल्या देशाची पुस्तिका पाहावी, परदेशची नव्हे.

दुसरा डबा दाटपणांत जुळतो, परंतु अकालीं ज्वलनाची परीक्षा त्या मानकांत नाहीं. चवथ्या डब्यांतील तेल उष्णतेंत बळकट खरें. परंतु त्याच इंजिनास लागणारें संरक्षण त्यांत आहे, अशी हमी नाहीं. म्हणजे सर्वांत स्वस्त डबा जसा अयोग्य, तसाच सर्वांत महाग डबाही येथें अयोग्य. तिसरा डबा घ्यावा. हीच मोटार जर काजळीची गाळणी असलेली डीझेल असती, व पुस्तिकेंत 'सी ३' लिहिलेलें असतें, तर उत्तर निराळें झालें असतें. तेलाची निवड किंमतीवरून होत नाहीं, इंजिनावरून होते, हें यावरून दिसून येईल.

कांहीं गैरसमज

तेल काळें झालें म्हणजे निकामी झालें, असें अनेकांस वाटतें. डीझेल इंजिनांत नवें तेल अल्पावधींतच काळें होतें; काजळी आपल्यांत धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. रंगावरून तेलाची परीक्षा होत नाहीं.

सिंथेटिक तेल घातलें म्हणजे तें कितीही दिवस चालतें, हा दुसरा गैरसमज. मूळ तेल टिकाऊ असलें, तरी त्यांत मिसळलेलीं द्रव्यें खर्च होतात, काजळी वाढते, इंधन मिसळतें. अनेक कारखाने दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं घडेल तें प्रमाण मानतात. वारंवार घाट चढणें, धुळीचे रस्ते, शहरांतील तुंबलेली रहदारी, रोजचे अगदीं लहान फेरे, ही कठीण वापराचीं लक्षणें होत. अशा गाडीचें तेल लवकर बदलावें. तेलाबरोबर त्याची गाळणीही बदलावी, हें सांगणें नको.

तेलांत वरून एखादी बाटली ओतली कीं टर्बो सुधारतो, हा तिसरा गैरसमज. चांगल्या तेलांतील द्रव्यें परस्परांशीं तोलून मिसळलेलीं असतात. त्यांत बाहेरचें कांहीं घालणें म्हणजे मीठ बेताचें असलेल्या आमटींत पुन्हां मूठभर मीठ टाकण्यासारखें आहे.

चालकाचें कर्तव्य

उत्तम तेलही निष्काळजी चालकापुढें हतबल होतें. इंजिन सुरू करतांच जोर देऊं नये. पहिले एक-दोन किलोमीटर शांतपणें चालवावें. घाट चढून आल्यावर किंवा वेगानें लांबचा पल्ला मारल्यावर एक मिनिटभर इंजिन मंद गतीनें चालूं द्यावें, व मग बंद करावें. शेवटचा किलोमीटर सावकाश चालविला तरी तेंच काम होतें. आठ-पंधरा दिवसांनीं सपाट जागीं गाडी उभी करून मापपट्टीनें तेलाची पातळी पाहावी. निळसर धूर, टर्बोतून शिट्टीसारखा नवा आवाज, किंवा तेलाची पातळी एकाएकीं खालावणें, हीं चिन्हें दिसतांच गाडी तज्ज्ञास दाखवावी.

तेल विश्वासू दुकानांतून, झांकण व मोहोर पाहून घ्यावें. नामांकित तेलांचे नकली डबे बाजारांत फिरतात, हें सर्वश्रुत आहे. रिकामा डबा व त्याचें झांकण दुकानांत तसेंच सोडून येऊं नये. डब्यास भोंक पाडावें, म्हणजे तो पुन्हां भरला जाणार नाहीं. आणि काढलेलें जुनें तेल गटारांत, नाल्यांत किंवा मातींत ओतूं देऊं नये. भारत सरकारच्या २०१६ सालच्या नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें, व अधिकृत पुनःशुद्धीकरण करणाऱ्यांकडेच तें जावयास हवें. आपल्या इंजिनाचें रक्षण करून गांवची विहीर नासविणें, हा कांहीं शहाणपणा नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरीं टर्बो मोटार असेल, तर तिच्या पुढील खणांत पडून राहिलेली पुस्तिका एकदां काढा, व तेलाविषयींचें पान वाचा. तेथील आंकडे व अक्षरें एका कागदावर टिपून ठेवा, आणि पुढच्या वेळीं वडिलांबरोबर दुकानांत जातांना तो कागद खिशांत असूं द्या. डब्यावरील अक्षरें त्या कागदाशीं ताडून पाहण्यास एक मिनिटही लागत नाहीं.